वर्डप्रेस: नवख्या हातांसाठी कितपत सोयीचे?

संगणकाची फारशी सवय नसलेल्या सहकाऱ्यांना संकेतस्थळ स्वतः सांभाळता यावे म्हणून मी वर्डप्रेस ही संकेतस्थळ बनवण्याची व चालवण्याची प्रणाली निवडली, आणि ती निवड मला आजही योग्य वाटते. २०१८ साली ५.० आवृत्तीसोबत आलेल्या ब्लॉक एडिटरमध्ये (मजकूर तुकड्या-तुकड्यांनी लिहिण्याच्या पडद्यावर) मजकुरावर क्लिक करताच वर तरंगणारी चिन्हांची पट्टी नवख्या माणसाला बिचकवते. ती ‘टॉप टूलबार’ हा पर्याय निवडून एका जागी स्थिर करावी. प्रत्येकाला ‘लेखक’ एवढीच भूमिका (अधिकारांची पातळी) द्यावी, म्हणजे मांडणीच्या सेटिंग्जना धक्का लागत नाही. सगळ्यात मोठा आधार मात्र मजकुराच्या साठवलेल्या जुन्या आवृत्त्यांचा: चुकून पुसलेला परिच्छेद परत आणता येतो, हे एकदा करून दाखवले की माउसवर अवघडलेला हात सैल पडतो. प्लगइन, म्हणजे वरून जोडायच्या जादा सुविधा, मोजकेच ठेवावेत.