हीट मॅटसोबत विकला जाणारा बनावट थर्मोस्टॅट

ठाण्यात नौपाड्यातील एका विक्रेत्याकडून आम्ही आमच्या बॉल पायथनच्या पेटीसाठी हीट मॅट (पेटीला ऊब देणारी विजेची चटई) आणि थर्मोस्टॅट असा संच ३,८०० रुपयांना घेतला. मूळच्या आफ्रिकेतील या सापाला पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला साधारण २५ अंश तापमान लागते. हीट मॅट आपणहून थांबत नाही. सेन्सरने तापमान मोजून वीज तोडण्याचे काम थर्मोस्टॅटचे, म्हणून सापाचा जीव त्याच्यावरच अवलंबून असतो.

आमच्या थर्मोस्टॅटच्या पडद्यावर कायम ३१.८ ते ३२.१ असा आकडा दिसत असल्याने संशयाला जागाच नव्हती. पुढे सापाच्या पोटाचे खवले लालसर होऊन त्यावर फोड आले, तेव्हा पशुवैद्यांनी भाजल्याचे निदान केले आणि जखमेला माती लागू नये म्हणून पेटीत फक्त कागद अंथरायला सांगितले. मॅटचा पृष्ठभाग इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजला, तर तो ४८ अंश भरला. मग सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवला. आकडा शून्याजवळ यायला हवा होता, पण पडदा ३२ वरच राहिला. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने झाकण उघडले, तेव्हा सेन्सरची वायर आत डिंकाच्या गोळ्यात संपत होती, वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा, म्हणजे रिलेचा, पत्ता नव्हता आणि मॅटची वायर थेट सप्लायला जोडलेली होती. पडदा केवळ ठरावीक आकडे खाली-वर दाखवत होता.

विक्रेत्याचे उत्तर असे, की "दादा, साप मॅटवरून उठतच नाही, त्याला आम्ही काय करणार?" वास्तविक तापलेल्या पृष्ठभागावरून साप बरेचदा वेळीच सरकत नाही, आणि नेमक्या याच कारणासाठी थर्मोस्टॅट लावतात, हे त्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. त्याने दिलेल्या कागदावर जीएसटी क्रमांक किंवा पत्ता नाही आणि यूपीआयचे पैसे दुकानाच्या नव्हे, एका व्यक्तीच्या नावावर गेले आहेत.

उघडलेल्या यंत्राची छायाचित्रे आणि पशुवैद्यांची चिठ्ठी जोडून आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (१९१५) तक्रार नोंदवली आहे. असा संच घेणाऱ्यांनी दुकानातच थर्मोस्टॅट चालू करून सेन्सर मुठीत धरावा आणि नंतर बर्फाच्या पाण्यात बुडवावा. दोन्ही वेळा आकडा हलला आणि ठरवलेल्या तापमानाच्या वर जाताच मॅटची वीज तुटली, तरच पैसे द्यावेत.