गुडघा दुखतोय की नस?

गुडघ्याची झीज झालीय, हे एक्स-रे सांगतो. दुखणं कुठल्या जातीचं आहे, हे मात्र सांगत नाही. गोळी की ऑपरेशन, हे त्यावरच ठरायला हवं.

सांध्याचं दुखणं भाराबरोबर येतं. जिना उतरताना कळ, खुर्चीतून उठल्यावर पहिली दोन-चार पावलं अवघडलेली. टेकलं की उतार. सकाळचा ताठरपणाही बहुधा अर्ध्या तासात सुटतो. नसेचं दुखणं विश्रांतीला जुमानत नाही. रात्री आडवं झालं की आग होते, मुंग्या येतात, मध्येच झटका बसल्यासारखी चमक निघते. पांघरुणाचा काठ घासला तरी सहन होत नाही. महिनोन्‌महिने दुखत राहिलं की मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेला हळवे होतात. म्हणून झीज थोडी आणि त्रास फार, असंही होतं. त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणणं चूकच. अनेकांत दोन्ही प्रकार एकत्र असतात.

‘पेनडिटेक्ट’ ही प्रश्नावली अंदाज देते: ३८ पैकी १२ पर्यंत गुण आले तर नसेची शक्यता कमी, १९ किंवा जास्त आले तर बरीच, मधलं सगळं धूसर. ते निदान नव्हे. कंबरेत दबलेली नस, मधुमेह, बी-१२ची कमतरता हेही पाहावं लागतं.

रोजच्या कामात फरक असा: सांध्याचं दुखणं ठरावीक जागी अडवतं, कठडा धरून किंवा उंच खुर्ची घेऊन निभावता येतं. नसेचं दुखणं आधी झोप खातं. मग चालणं टळतं, मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि जिना आणखीच जड होतो.

मांडीचे व्यायाम दोन्हीकडे हवेतच. वजन १ किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोंनी घटतो. सांध्यासाठी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं जेल आधी वापरून पाहावं. आग, मुंग्या जास्त असतील तर ड्युलॉक्सेटिनबद्दल डॉक्टरांना विचारा. नैराश्यावरचं औषध म्हणून दचकू नका, जुनाट सांधेदुखीवरही ते देतात. सुरुवातीला मळमळतं, आणि ते एकदम बंद करायचं नसतं. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

सांधा बदलूनही पाचांतल्या साधारण एकाचं दुखणं उरतं, आणि आधीपासून नसेची लक्षणं असतील तर तो धोका वाढतो. ऑपरेशनची तारीख घेण्यापूर्वी सर्जनला रात्रीचं दुखणं सांगा, नुसतं जिन्यावरचं नको.