नेस्टेड पाथ छापायचा कसा: डॉट, स्लॅश की ब्रॅकेट?

व्हॅलिडेशन, म्हणजे आलेल्या डेटाची तपासणी, फसलं की झॉडसारखी जावास्क्रिप्ट लायब्ररी चूक कुठे आहे त्याचा पाथ, म्हणजे एकात एक असलेल्या कीजची (फील्डच्या नावांची) साखळी, ॲरेमध्ये देते. लॉगमध्ये तो वाचता येईल अशा स्ट्रिंगमध्ये बसवणं आपल्याकडे उरतं.

ॲरे डॉटने जॉइन केला की एका ओळीत काम होतं. कीज तुम्हीच ठरवलेल्या असतील तर खुशाल तेच करा. रिॲक्ट हुक फॉर्म या फॉर्म लायब्ररीतली फील्डची नावंही अशीच असतात. पण "सर्व्हे क्र." अशी की आली, की ती कुठे संपते आणि पुढची कुठे सुरू होते ते कळत नाही.

स्लॅशने पाथ लिहायची पद्धत म्हणजे जेसन पॉइंटर. त्याचे नियम पक्के आहेत, 2013 पासून आरएफसी 6901 या इंटरनेट मानकात लिहून ठेवलेले. एजेव्ही या व्हॅलिडेशन लायब्ररीची आठवी आवृत्ती याच रूपात पाथ देते. जेसन पॅच (जेसनमधले बदल लिहायचं फॉरमॅट, त्यातले पाथ असेच असतात) वापरत असाल तर दुसरा विचारच नको. माझं अडलं ते एस्केपिंगपाशी, म्हणजे खास चिन्हं बदलून लिहिण्यापाशी. कीमधल्या तिल्डाचं ~0 होतं आणि स्लॅशचं ~1. आमच्या फॉर्ममध्ये जमिनीच्या माहितीत "7/12" अशी की होती. लॉगमध्ये ती अशी उमटायची: /जमीन/7~112/क्षेत्र. नियमाने अगदी बरोबर, पण यात सातबारा कुणाला दिसणार? "7/12" सर्च केलं तरी ती ओळ सापडत नाही. ओपनएपीआय (एपीआयचं वर्णन लिहायचं फॉरमॅट) वापरणाऱ्यांना हा त्रास रोजचा, कारण तिथे पाथ्स या भागाखालची प्रत्येक की स्लॅशनेच सुरू होते.

तोच पाथ ब्रॅकेटने लिहिला तर: जमीन["7/12"].क्षेत्र. साध्या कीला डॉट, इंडेक्सला नुसता ब्रॅकेट, बाकीच्या कीज जेसन.स्ट्रिंगिफायमधून काढून ब्रॅकेटमध्ये. कन्सोलमध्ये ऑब्जेक्टच्या नावापुढे डॉट देऊन हे चिकटवलं की व्हॅल्यू समोर येते. शिवाय [0] आणि ["0"] वेगळे दिसतात. पॉइंटरमध्ये दोन्ही /0 होतात. तुमच्या कीजमध्ये स्लॅश कधीच येत नसेल तर पॉइंटरही चांगलाच, पण लॉग माणसं वाचणार असतील तर मला ब्रॅकेट उजवा वाटतो.

लोडॅश या जावास्क्रिप्ट लायब्ररीत पाथच्या स्ट्रिंगचा ॲरे करणारं टूपाथ आहे, उलट दिशेचं फंक्शन नाही. ते स्वतः लिहा किंवा तयार घ्या, पण साधी की ओळखणारा रेजेक्स (अक्षरांचा पॅटर्न) आधी बघा. त्यात फक्त इंग्रजी अक्षरं असतील तर मराठी कीज विनाकारण ब्रॅकेटमध्ये जातात. जावास्क्रिप्टला अर्जदार.पत्ता हे जसंच्या तसं चालतं. रेजेक्सला यू फ्लॅग (युनिकोडचा पर्याय) लावून आयडी-स्टार्ट आणि आयडी-कंटिन्यू या युनिकोड प्रॉपर्टीज वापरल्या की त्यालाही चालेल.