गड्ड्याला (सोलापूरच्या जानेवारीतल्या यात्रेला) लावलेलं ओव्हरक्लॉक एप्रिलमध्ये बोंबललं : आठ महिन्यांचा अनुभव

माझा कॉम्प्युटर : रायझन 5 3600 प्रोसेसर, बी450 मदरबोर्ड, 16 जीबी रॅम. सरळ मुद्द्यावर येतो. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. नवा प्रोसेसर घेणं जिवावर आलं, म्हणून आहे तोच पळवायचं ठरवलं. ओव्हरक्लॉक, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, हा फुकटचा वेग, असं ऐकलं होतं. प्रोसेसरच्या कूलरला अठराशे गेले तेव्हा फुकट शब्दाचा अर्थ कळला.

पहिल्याच दिवशी दीडशहाणपणा केला. मल्टिप्लायर (100 मेगाहर्ट्झला कितीने गुणायचं तो आकडा) 36 वरून थेट 43, म्हणजे 3.6 वरून 4.3 गिगाहर्ट्झ, व्होल्टेज ऑटोवर. पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. बटण बंद करून बोर्डावरचा सीआर2032 सेल काढला, दहा मिनिटांनी परत बसवला, सेटिंग मूळ जागी आलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. मग शहाण्यासारखं पाव-पाव पायरीने, म्हणजे 25-25 मेगाहर्ट्झने चढवत गेलो. 1.3 व्होल्टला सगळे कोअर (प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग) 4.2 गिगाहर्ट्झवर टिकले. सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण राबवणारं टेस्टचं सॉफ्टवेअर, अर्धा तास चालवलं, तापमान 74 अंश. खूश!

पण तो आठवडा गड्ड्याच्या यात्रेचा. मी अंगावर चादर घेऊन बसलो होतो. एप्रिलमध्ये त्याच सेटिंगवर 92 दिसायला लागले आणि एक्स्पोर्ट (तयार व्हिडिओची फाइल काढणं) अर्ध्यात असताना निळी स्क्रीन, म्हणजे कॉम्प्युटरच बंद पडला. गिऱ्हाईक दारात, व्हिडिओ नाही. खोली जेवढी तापते तेवढा प्रोसेसरही तापतो, एवढं साधं गणित माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. सोलापुरात टेस्ट करायची तर एप्रिलच्या दुपारी तीनला करा.

आता खरा शत्रू : तूस. आमच्या गल्लीत पॉवरलूम आहेत. दर तीन आठवड्यांनी हीटसिंकच्या, म्हणजे कूलरच्या धातूच्या पात्यांवर पांढरा थर बसतो, हाताने ओढला तर पट्टीसारखा सलग निघतो. आई म्हणते, जमवून ठेव, उशी होईल. रंगाच्या वीस रुपयांच्या ब्रशने झाडलं की सहा-सात अंश उतरतात. अठराशेच्या कूलरपेक्षा या ब्रशला जास्त स्टार देईन.

आधी मी सगळ्यांना ओव्हरक्लॉक कराच म्हणून सांगत होतो. ते मागे घेतो. हा प्रोसेसर मुळातच गरजेप्रमाणे एका कोअरवर 4.2 पर्यंत जातो. सगळे कोअर 4.2 ला बांधून 41 मिनिटांचा एक्स्पोर्ट साडेअडतीसवर आला. अडीच मिनिटांसाठी एवढा उपद्व्याप? त्यापेक्षा रॅम तपासा. माझी 3200 च्या वेगाची रॅम दुकानदाराने 2400 वरच चालू करून दिली होती. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारं सेटिंग, चालू केलं, एक क्लिक. टाइमलाइन ओढताना अडकायची ती थांबली. दीड वर्ष मी 3200 चे पैसे देऊन 2400 वापरत होतो, याचा राग अजून गेलेला नाही.

सध्या 4.0 गिगाहर्ट्झ, 1.2 व्होल्ट. भर मेमध्येही 80 च्या आत.

मध्यंतरी कूलरचा पंखा करकरायला लागला. वॉरंटीत होता. काउंटरवर उत्तर : "मालक, तुम्ही ओव्हरक्लॉक केलंय, वॉरंटी कशी बसेल?" अहो, ओव्हरक्लॉक प्रोसेसरचं केलंय, पंख्याचं नाही! तीन फेऱ्या मारल्यावर पंखा ठेवून घेतला, त्याला आता पाच आठवडे झाले. तोवर जुन्या कॅबिनेटचा पंखा झिप टायने बांधलाय. त्याचा आवाजही कमी आहे.