काहीच करत नसताना प्रोसेसर राबवणारा मेल प्रोग्राम: दुरुस्ती, हलका वापर की वेबमेल?

मेल प्रोग्राम खाली टास्कबारवर लहान करून ठेवला आहे, नवे पत्र आलेले नाही, आपण दुसऱ्याच कामात आहोत, आणि तरीही लॅपटॉपचा पंखा थांबत नाही. टास्क मॅनेजर उघडावा तर त्या प्रोग्रामसमोरचा 12-13 टक्क्यांचा आकडा तासभर जागचा हलत नाही. आकडा लहान म्हणून पुष्कळ जण त्याकडे दुर्लक्ष करतात. परंतु विंडोज ही टक्केवारी सगळ्या प्रोसेसरच्या मिळून हिशेबाने देते, त्यामुळे आठ लॉजिकल प्रोसेसर असलेल्या यंत्रावर 12.5 टक्के याचा अर्थ त्यांपैकी एक अखंड, पूर्ण भाराने जुंपलेला आहे. मॅकवरचा अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर हीच स्थिती 100 टक्के अशी दाखवतो.

अशा वेळी तीन मार्ग समोर असतात: आहे तोच प्रोग्राम दुरुस्त करावा, त्याच्यावरचे काम कमी करून तो हलका चालवावा, किंवा तो सोडून ब्राउझरमधील वेबमेलवर जावे. माझ्या मते निवड करण्यापूर्वी एकाच प्रश्नाचे उत्तर मिळवणे आवश्यक आहे, ते म्हणजे चाललेले काम संपणारे आहे की एकाच जागी फिरत राहिले आहे. नवे पत्र आले का, हे पाहण्याला प्रोसेसर जवळजवळ लागतच नाही. आयमॅपमध्ये (पत्रे सर्व्हरवरच ठेवून वाचण्याची पद्धत) 1997 पासून ‘आयडल’ नावाची आज्ञा आहे. तिच्यामुळे नवे पत्र आल्याचे सर्व्हर स्वतःहून कळवतो आणि प्रोग्रामला 29 मिनिटांच्या आत ती आज्ञा पुन्हा दिली की पुरते. तेव्हा सतत दिसणारा भार बहुधा पत्रे उतरवून घेणे, शोधासाठी इंडेक्स (पत्रांतील शब्दांची सूची) तयार करणे, प्रोग्रामला वरून जोडलेले एखादे अ‍ॅड-ऑन किंवा बिघडलेले फोल्डर यांपैकी कशाचा तरी असतो. थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये (पुढच्या पायऱ्या त्यातल्याच आहेत) ‘टूल्स’खालच्या अ‍ॅक्टिव्हिटी मॅनेजरमध्ये इंडेक्सिंगची प्रगती दिसते. त्या प्रगतीचा आकडा पुढे सरकत असेल, आणि खाते नव्यानेच जोडलेले असेल, तर संगणक रात्रभर चालू ठेवून काम पुरे होऊ देणे हाच योग्य निर्णय आहे. अर्ध्यात बंद करणाऱ्याला तोच भार दुसऱ्या दिवशी पुन्हा सोसावा लागतो.

आकडा त्याच फोल्डरपाशी, त्याच पत्रापाशी अडून बसला असेल तर दुरुस्तीकडे वळावे. प्रथम प्रोग्राम ट्रबलशूट मोडमध्ये सुरू करावा. त्यात अ‍ॅड-ऑन बंद असतात, त्यामुळे भार तिथे नाहीसा झाला तर ती एकेक करून तपासावीत. भार तसाच राहिला तर ज्या फोल्डरवर संशय आहे त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधून ‘रिपेअर फोल्डर’ चालवावे. तेवढ्याने भागले नाही, तर प्रोग्राम पूर्ण बंद करून प्रोफाइलमधील (म्हणजे प्रोग्राम आपली पत्रे व सेटिंग्ज ठेवतो त्या फोल्डरमधील) ‘ग्लोबल-मेसेजेस-डीबी’ ही एसक्यूलाइट फाइल काढून टाकावी. तिच्यात फक्त शोधाचा इंडेक्स असतो, मूळ पत्रे नसतात, त्यामुळे पत्रे जातील ही भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र पुढचे काही तास इंडेक्स नव्याने बनेल आणि भार आधीपेक्षाही जास्त दिसेल. शिवाय थंडरबर्ड मूळ मांडणीत एका फोल्डरची सारी पत्रे एकाच एमबॉक्स फाइलमध्ये ठेवतो, आणि डिलीट केलेले पत्रही ‘कॉम्पॅक्ट’ करेपर्यंत त्या फाइलमध्ये तसेच पडून असते. इनबॉक्सची फाइल अशी काही जीबींची झाली की एका नव्या पत्रासाठी अँटिव्हायरस ती सबंध फाइल पुन्हा तपासू शकतो, आणि मग भार अँटिव्हायरसच्या नावावर दिसतो. आउटलुकच्या जुन्या आवृत्त्यांतही असाच एक चकवा आहे: शोधाचे इंडेक्सिंग विंडोजची स्वतंत्र सेवा करते, म्हणून दोषी प्रक्रियेचे नाव आधी नीट वाचावे.

दुसरा मार्ग कामच कमी करण्याचा. सेटिंग्जमधून ग्लोबल सर्चचा इंडेक्सर बंद केला तर इंडेक्सिंगचा भार त्या क्षणापासून थांबतो. त्याची किंमत शोधात मोजावी लागते: सर्व खात्यांत एकदम शोधण्याची सोय जाते, पण क्विक फिल्टर आणि कंट्रोल-शिफ्ट-एफ ने उघडणारा शोध चालू राहतो, फक्त अधिक संथपणे. ज्यांचा शोध पाठवणाऱ्याच्या नावापलीकडे क्वचितच जातो त्यांना हा व्यवहार नक्की परवडेल. खात्याच्या ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’ भागात सगळी पत्रे न उतरवता केवळ अलीकडच्या ठरावीक दिवसांची उतरवण्याची सोय आहे, आणि जीमेल वापरणाऱ्यांनी ‘ऑल मेल’ हे फोल्डर आयमॅपमध्ये दाखवणे बंद केले तर तीच पत्रे दोन ठिकाणी सांभाळण्याचा ताण वाचतो. येथे कळकळीने एक सावधगिरी सांगतो. त्याच भागात खाली जुनी पत्रे डिलीट करण्याचा वेगळा पर्याय आहे. तो केवळ संगणकावरची प्रत काढत नाही, तर सर्व्हरवरची मूळ पत्रेही कायमची काढून टाकतो. घाईत हे दोन पर्याय एकच समजू नयेत.

वेबमेलमध्ये इंडेक्स सर्व्हरवर असतो, त्यामुळे हा सारा प्रश्नच उद्भवत नाही. त्याबदल्यात मेमरी घेणारा एक टॅब कायम उघडा राहतो, वेगवेगळ्या सेवांची खाती एका ठिकाणी पाहता येत नाहीत, आणि नेट गेले की जुन्या पत्रांपर्यंत पोहोचणे अवघड होते. दोन-तीन संगणकांवर काम करणाऱ्या आणि एकच खाते असणाऱ्या व्यक्तीला मी निःसंकोच हाच मार्ग सुचवेन. पण ज्यांच्याकडे अनेक खाती आणि दहा-पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार आहे, त्यांनी दुरुस्तीवर एक संध्याकाळ खर्च करावी. इतका मोठा, आपल्या हातात असलेला संग्रह पंख्याच्या आवाजासाठी सोडून देऊ नये.

पॉप3 खाते (पत्रे सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेणारे) असणाऱ्यांनी तर वेबमेलचा निर्णय झाल्यावरही प्रोग्राम लगेच काढून टाकू नये, कारण त्यांची जुनी पत्रे बहुधा केवळ त्या एका संगणकावरच असतात. त्याच प्रोग्राममध्ये ते खाते आयमॅपने जोडावे, स्थानिक फोल्डरमधील पत्रे थोडी थोडी करून सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये कॉपी करावीत, ब्राउझरमध्ये उघडून दोन्हीकडची संख्या जुळते का ते पाहावे, आणि त्यानंतरच जुने प्रोफाइल काढून टाकावे.