फोर्डचा नऊ इंची एक्सल: ड्रॅग गाडीसाठी घेताना काय पारखावं

ड्रॅग म्हणजे सरळ, छोट्या पट्ट्यावरची शर्यत. तिच्या गाडीचं इंजिन हजार हॉर्सपॉवरच्या घरात गेलं की मागे कोणता एक्सल टाकायचा, याला ठरलेलं उत्तर म्हणजे 'नऊ इंची फोर्ड' (नऊ इंच हा त्याच्या क्राऊनचा, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाचा व्यास). उत्तर चुकीचं नाही. फक्त आज या नावाने जे विकलं जातं त्यात फोर्डने १९५७ साली आणलेल्या एक्सलचा बहुधा एकही मूळ भाग नसतो, आराखडा तेवढा तोच असतो. त्यामुळे 'नऊ इंची घेतला' एवढ्याने काहीच कळत नाही. केस (गिअर धरणारा सांगाडा) कोणती, पिनियन (क्राऊनला फिरवणारा छोटा गिअर) धरणारा सपोर्ट कोणता, शाफ्टला किती स्प्लाइन (टोकावरच्या खाचा), हाउसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) कसलं, हे विचारावंच लागतं.

आधी भार मोजू. इंजिनचा टॉर्क ८०० न्यूटन-मीटर, टीएच-४०० या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.४८, सुटताना टॉर्क कन्व्हर्टरने (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा तेलाचा जोड) केलेली साधारण दुप्पट आणि क्राऊन-पिनियनचा रेशो (क्राऊनच्या एका फेऱ्याला पिनियनचे फेरे) ४.११. गुणाकार केला की एक्सलवर सुमारे १६,३०० न्यूटन-मीटर येतात. पण हे कधी, तर टायरने जमीन धरली तरच. साध्या टायरवर चाक जागच्या जागी फिरतं आणि एक्सल वाचतो. तोच एक्सल स्लिक (नक्षी नसलेले, घट्ट पकडणारे शर्यतीचे टायर) चढवल्यावर पहिल्या दोन-चार लाँचमध्ये, म्हणजे शर्यतीच्या सुटण्यात, तुटतो आणि मग शिव्या शाफ्टला बसतात. खरं तर हॉर्सपॉवरच्या आधी गाडीचं वजन, टायर आणि गिअरबॉक्स बघायला हवा. तेवढ्याच ताकदीच्या दोन गाड्यांमध्ये चढ्या आरपीएमवर क्लच सोडून सुटणारी गाडी ऑटोमॅटिकपेक्षा कितीतरी जास्त भाग मोडते, कारण तिथे भार चढत नाही, आदळतो.

प्रतिस्पर्धी दोनच. पहिला जीएमचा (जनरल मोटर्स) '१२ बोल्ट' एक्सल, क्राऊन ८.८७५ इंची. वजनाने बरा, पण कारखान्यातून यायचा तो सी-क्लिपवर, म्हणजे शाफ्टला आतल्या टोकाला धरणाऱ्या कडीवर. शाफ्ट तुटला की चाक तुटक्या तुकड्यासकट बाहेर निघतं. म्हणूनच एनएचआरए या अमेरिकी ड्रॅग शर्यत संस्थेच्या नियमात १०.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान गाडीला सी-क्लिप चालत नाही. नऊ इंचीत शाफ्ट बाहेरच्या टोकाला बेअरिंग आणि रिटेनर प्लेटने धरलेला असतो, त्यामुळे आत तुटला तरी चाक जागेवर राहतं. दुसरा प्रतिस्पर्धी डाना ६० एक्सल: क्राऊन ९.७५ इंची, दणकट, आणि पिनियन मध्यरेषेच्या फक्त १.१२५ इंच खाली. नऊ इंचीत हेच अंतर २.३८ इंच आहे. पिनियन जितकी खाली, तितके दाते एकमेकांवर जास्त घासतात. परिणामी जास्त दाते एका वेळी भार घेतात ही जमेची बाजू, आणि काही हॉर्सपॉवर तेलात उष्णता होऊन जाते ही वजावट. जड गाडी असेल आणि क्राऊन-पिनियन वारंवार बदलायचे नसतील तर डाना ६० ला आम्ही नाही म्हणणार नाही.

मग नऊ इंची का? कारण त्याची केस समोरून अख्खी निघते. शाफ्ट थोडे बाहेर ओढा, प्रोपेलर शाफ्ट सोडा, नट काढा, की क्राऊन-पिनियनसकट सगळा गड्डा टेबलावर. ३.८९ बसवलेली एक केस आणि ४.११ ची दुसरी, दोन्ही तयार ठेवता येतात. शिवाय पिनियनच्या आतल्या टोकाला तिसरं बेअरिंग असतं, त्यामुळे भाराखाली ती क्राऊनपासून दूर ढकलली जात नाही. डाना आणि १२ बोल्टमध्ये ही सोय नाही.

आता भाग. शाफ्ट ३१ स्प्लाइनचा असेल तर जाडी सुमारे १.३२ इंच, ३५ स्प्लाइनला १.५०, ४० स्प्लाइनला १.७१ च्या आसपास. पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, म्हणजे ३१ वरून ३५ वर गेलं की जवळपास ४७ टक्के वाढ. स्लिकवर सुटणाऱ्या गाडीला ३५ च्या खाली जाऊ नये. ४० चा मोह मात्र आवरा: त्याला मोठ्या बोअरची केस आणि वेगळा स्पूल (दोन्ही शाफ्ट एकत्र जखडणारा भाग) लागतो, आणि फिरणारं वजन वाढतं ते वेगळंच. स्पूल पूर्ण घ्यावा. मिनी-स्पूल जुन्याच कॅरिअरमध्ये (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) बसतो आणि कमकुवत कॅरिअर तसाच राहतो, म्हणजे पैसे वाया. गाडी रस्त्यावरही चालवायची असेल तर स्पूल नकोच. वळणावर दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला बघतात, टायर घासतात आणि शाफ्टला विनाकारण पीळ बसतो. तिथे लॉकर घ्या, तो वळणावर चाकं सुटी करतो.

क्राऊन-पिनियनचंही तसंच. ९३१० पोलादाचे रेस गिअर धक्का गिळतात पण रस्त्यावर लवकर झिजतात. ८६२० चे गिअर वर्षानुवर्षं चालतात, पण लाँचच्या धक्क्याने त्यांचे दाते चिरतात. पिनियन शक्यतो ३५ स्प्लाइनची, सपोर्ट मोठ्या बेअरिंगचा आणि प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस १३५० मापाचा. १३१० चा क्रॉस ठेवून बाकी सगळं भारी घेणं म्हणजे जाड साखळीला सुतळीची गाठ.

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे हाउसिंग. पत्र्याचं मूळ हाउसिंग लाँचच्या वेळी वाकतं, दोन्ही टोकं पुढे सरकतात, आणि सरळ शाफ्ट तिरक्या नळीत फिरू लागतो. शाफ्ट बाहेर काढून स्प्लाइन बघा. झीज सगळ्या लांबीवर सारखी नसून एकाच टोकाला चमकदार पट्टा दिसला तर दोष हाउसिंगचा आहे, नवा शाफ्ट टाकून तो जाणार नाही. मागून ब्रेस (आधाराची पट्टी) वेल्ड करावा किंवा सरळ फॅब्रिकेटेड हाउसिंग घ्यावं. वेल्डिंग करताना एकदम लांब टाका मारू नका. थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला, मध्ये थंड होऊ द्या. शेवटी दोन्ही बेअरिंगच्या जागी पक (मध्ये भोक असलेली चकती) घालून आरपार सरळ बार गेला पाहिजे. हातोडीने ठोकून बार घालावा लागला तर काम झालेलं नाही.

जुळणीत सगळ्यात जास्त चूक शिममध्ये (अंतर जुळवणारी पातळ चकती) होते. डाना ६० मध्ये शिम पिनियनच्या बेअरिंगमागे बसते, ती जाड केली की पिनियन क्राऊनकडे सरकते. नऊ इंचीत शिम पिनियन सपोर्ट आणि केस यांच्या मध्ये असते, तिथे जाड केली की पिनियन दूर जाते. डानाची सवय असलेला हात इथे हमखास उलटं करतो. दातांना मार्किंगचा रंग लावून दात तपासा: खूण दाताच्या मुळाशी असेल तर पिनियन फार आत, टोकाला असेल तर फार बाहेर. बॅकलॅश (दात्यांमधली मोकळी फट) साधारण ०.२० ते ०.३० मिलिमीटर, पण संचाबरोबर आलेला आकडा शेवटचा. अ‍ॅल्युमिनियमची केस तापल्यावर लोखंडीपेक्षा जास्त फुगते, त्यामुळे तिथे बॅकलॅश वरच्या मर्यादेकडे ठेवू नये.

रेशो ठरवायला इंजिनच्या आरपीएमचं सूत्र सोपं आहे: ताशी किलोमीटर गुणिले रेशो गुणिले २०९, भागिले टायरचा इंचातला व्यास. फिनिशला २२५ किलोमीटर, २८ इंची टायर आणि ४.११ धरले तर सुमारे ६,९०० आरपीएम येतात, वर कन्व्हर्टरची घसरण मिळवा. रेशो मोठा होत गेला की पिनियनचे दाते कमी होतात: ३.५० ला १०, ४.११ ला ९, ४.८६ ला फक्त ७. म्हणून जड गाडीत मोठ्या रेशोऐवजी लहान टायर बघावा.

जुळणी झाल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं हलक्या पायाने चालवून गाडी पूर्ण गार होऊ द्या, मगच लाँच. आणि प्रत्येक शाफ्ट बसवण्याआधी त्यावर स्प्लाइनपासून फ्लँजपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी शाफ्ट काढल्यावर ती रेघ तिरकी झालेली दिसली तर तो शाफ्ट परत आत घालू नका.