टॉप मॉडेल की साधं? वायरिंगने दोन वर्षं दमवल्यावर सेकंड हँड गाडी घेताना

जुनी गाडी विकून सहा महिने झाले तरी नाशिक-सिन्नर रस्त्यावरचा मोहदरी घाट आला की माझा हात आपोआप पार्किंग लाइटच्या बटनाकडे जातो. तिथेच ती दोनदा बंद पडली होती, एकदा तर बरोबर मागे कंटेनर असताना.

नाशिकचं इंदिरानगर ते सिन्नर एमआयडीसी असं रोजचं साठेक किलोमीटर येणं-जाणं. मधेच मीटरवरचे सगळे लाइट फडफडायचे, स्टीअरिंग जड व्हायचं आणि गाडी गप. पाच मिनिटांनी सेल्फ मारला की काही झालंच नाही अशी चालू. गॅरेजला नेली की दिवसभर मस्त चालणार. बॅटरी नवी झाली, अल्टरनेटर (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा) झाला, इग्निशन स्विच झाला, दुखणं तिथल्या तिथे.

म्हणून दुसरी गाडी बघायच्या आधी एक काम करा, जुनीचं दुखणं नीट शोधून घ्या, कारण ते कळल्याशिवाय नवीन गाडीत काय बघायचं हेही कळत नाही. बॅटरीवर गाडी बंद असताना १२.६ आणि चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की सगळे निश्चिंत होतात, माझेही दिसत होते. पण मल्टीमीटरची (व्होल्ट मोजायच्या मीटरची) काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा पाव व्होल्टच्या आत राहायला पाहिजे. माझ्याकडे कधी बरोबर यायचा, कधी एक व्होल्टच्या वर. बॅटरीकडून गिअरबॉक्सला जाणारी अर्थिंगची केबल वरून काळी कुळकुळीत, पण टोकाचं रबर सोललं तर आत हिरवट भुकटी, आणि तारा बोटाने ओढल्या तर निम्म्या हातात आल्या. त्यातून खूप गोंधळ होतो, व्होल्टेज खाली गेलं की गॅरेजच्या स्कॅनरवर बिघाडाचे भलतेसलते कोड दिसतात आणि माणूस सेन्सर बदलत बसतो.

केबल बदलल्यावर चार महिने शांततेत गेले, मग पावसाळ्यात परत सुरू. ह्या वेळी नाशिकमधल्याच द्वारका सर्कलकडच्या एका वायरमनने डॅशबोर्डखाली झोपून टॉर्च मारला. आधीच्या मालकाने रिमोट लॉक आणि म्युझिक सिस्टीम बाहेरून बसवून घेतली होती, त्यासाठी कंपनीच्या वायरी मधेच सोलून, पीळ देऊन काळी टेप मारलेली. उन्हाळ्यात टेपचा डिंक पाघळून टेप सुटलेली, असे नऊ जोड निघाले. पूर्ण वायरिंग बदला नाहीतर असंच चालू द्या, असं तो म्हणाला, आणि मी गाडी विकायचं ठरवलं. घेणाऱ्याला सगळं सांगून, भाव कमी करून विकली.

आता मुद्द्याचं. शेवटी दोन गाड्या उरल्या, एकच मॉडेल, दोन्ही २०१९ च्या शेवटच्या, पेट्रोल, एका मालकाच्या, भावात पंचवीस हजारांचा फरक. एक टॉप मॉडेल, बटन स्टार्ट, ऑटो एसी, मोठी स्क्रीन. दुसरी खालून दुसरं व्हेरियंट, साधी किल्ली, गोल फिरवायचे एसीचे नॉब. घरी सगळ्यांना टॉपवालीच आवडली आणि त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मे महिन्यात ऑटो एसी काय सुख देतो ते मलाही कळतं.

खालचं व्हेरियंट म्हणजे असुरक्षित, ही भीती मात्र त्या सालच्या गाडीत तेवढी उरत नाही. एप्रिल २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं आणि जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर, वेगाचा बीप, हे पण. ड्रायव्हरशेजारच्या सीटची एअरबॅग मात्र विचारून घ्या, ती सगळ्यांना नंतर सक्तीची झाली.

माझं मन फिरलं ते एका छोट्या गोष्टीवर. गोविंदनगरला टॉपवाली दुसऱ्यांदा बघायला गेलो, ब्रेक दाबून बटन दाबलं, काहीच नाही. परत दाबलं, नाही. तिसऱ्यांदा चालू. मालक सज्जन माणूस, तो म्हणाला "रिमोटचा सेल असेल साहेब, कधीकधी होतं." समोरच्या दुकानातून सेल आणला, घातला, मग दहा वेळा लगेच चालू झाली. कदाचित खरंच तेवढंच असेल. पण "कधीकधी होतं" हे वाक्य मी दोन वर्षं ऐकलंय, आणि पैसे देऊन परत ऐकायची माझी तयारी नव्हती. खाली वाकून बघितलं तर डॅशकॅमची वायर फ्यूज बॉक्समागे सोलून जोडलेली, तीच काळी टेप.

किल्लीची गाडी बिघडली तरी काहीतरी सांगते. किल्ली फिरवल्यावर टक आवाज आला आणि लाइट मंद झाले तर बहुतेक बॅटरी नाहीतर अर्थिंग, लाइट लख्ख पण आवाजच नाही तर सेल्फपर्यंत करंट जातच नाहीये, म्हणजे स्विच, रिले किंवा वायर. रस्त्याकडेला उभं राहून एवढा अंदाज येतो आणि सिन्नरचा कुठलाही वायरमन पुढचं बघतो. बटनाच्या गाडीत रिमोट ओळखला का, ब्रेकचा किंवा क्लचचा स्विच लागला का, स्टीअरिंग लॉक सुटलं का, हे सगळं जमलं तर सेल्फ फिरणार, नाही तर गप्प. स्कॅनर मदत करतो हे खरं, यू ने सुरू होणारा कोड आला तर दोन कंट्रोल युनिटमधला संपर्क तुटला एवढं कळतं, पण येऊन-जाऊन असणारा बिघाड प्रत्येक वेळी कोड ठेवतोच असं नाही.

ज्यांचं शहरातल्या शहरात फिरणं आहे, शोरूमची वॉरंटी शिल्लक आहे आणि आत कुणी हात लावलेला नाही, त्यांनी टॉप मॉडेल जरूर घ्यावं. मी साधी घेतली. म्युझिक सिस्टीम सुद्धा कंपनीची, आणि बदलायची झाली तरी तयार कपलर (कंपनीच्या सॉकेटमध्ये थेट बसणारा जोड) लावून, वायर सोलू देणार नाही.

बघायला जाल तेव्हा मालकाला आदल्या रात्रीच सांगा की सकाळी गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून थंड आहे ना बघा, पहिला सेल्फ स्वतः मारा, मग टॉर्च घेऊन ड्रायव्हरच्या पायाशी वाका आणि काळी टेप मोजा.